हिंगाच्या डबीतला गहू

आज एक कोडं घालते. एका मुलीनं सहा महिने पोळी खाल्ली नाही. ब्रेड नाही, बिस्कीट नाही, समोसा नाही, शिरा नाही, शेवयांची खीरसुद्धा नाही. गव्हाच्या पिठाचा डबा घरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला. एवढं सगळं करून सहा महिन्यांनी रक्त तपासलं, तर डॉक्टरांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "हिच्या पोटात अजून गहू जातोय."

आता सांगा, कुठून?

ही मुलगी म्हणजे माझी भाची. राहणार नागपूर, इयत्ता सातवी. नाव मात्र सांगता येणार नाही. तशी सक्त ताकीद आहे. "मावशी, माझं नाव छापलंस ना, तर वर्गातले पोट्टे मला वर्षभर गहू-गहू म्हणून चिडवतील." तेव्हा आपण तिला बाईसाहेब म्हणू. घरात तिचा रुबाब तसाच आहे.

गोष्ट सुरू झाली दाराच्या चौकटीवर. बाईसाहेबांच्या घरी दर वाढदिवसाला मुलांना चौकटीला पाठ लावून उभं करतात आणि डोक्यावर पेन्सिलची रेघ ओढतात. चौथीच्या वाढदिवसाला रेघ ओढली. पाचवीच्या वाढदिवसाला ओढली, तर ती जवळजवळ आधीच्याच रेघेवर बसली! धाकटा भाऊ मात्र दोन बोटं वर सरकलेला. आधी सगळ्यांनी तो हसण्यावारी नेलं. "आईवर गेली, बुटकीच राहणार." पण त्याच वर्षी तिचं पोट वरचेवर फुगायचं, तोंडात सारखे फोड यायचे, खेळताना ती इतर मुलींच्या आधी धापा टाकायची. जंताचं औषध झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. रक्त काही वाढेना. "खात नाही नीट," असं म्हणून आजीनं तिच्या ताटात एक पोळी जास्त वाढायला सुरुवात केली. पुढे खरं काय ते कळलं, तेव्हा आजी त्या जास्तीच्या पोळीसाठी किती रडली!

कारण दुखणं त्या पोळीतच होतं.

या आजाराचं नाव सिलिॲक. ग्रीक भाषेत पोटाला जो शब्द आहे त्यावरून ते पडलं. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. एकेक उंचवटा एक मिलिमीटरसुद्धा उंच नसतो, पण असे लाखो असतात आणि खाल्लेल्या अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. गहू, जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिॲक असलेल्या माणसाच्या शरीरातले पहारेकरी, जे एरवी जंतूंशी लढतात, ते ग्लूटेन दिसलं की खवळतात आणि चोर समजून आपल्याच आतड्यावर तुटून पडतात. मखमल झिजते, सपाट होते. मग तूप खा, बदाम खा, लोहाच्या गोळ्या खा, आतडं ते उचलणार कसं? शेताला पाणी सोडलं आणि जमीन सिमेंटची निघाली, तर पीक कुठून येणार!

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बाईसाहेबांच्या शेजारी बसून डबा खाल्ला म्हणून कुणाला काही होत नाही. (एका मैत्रिणीच्या आईनं मुलीला बाक बदलायला सांगितलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते.) ही गव्हाची साधी ॲलर्जीही नव्हे. ठरावीक जनुकं अंगात असावी लागतात आणि तशी जनुकं असलेल्या सगळ्यांनाही तो होत नाही. एकदा झाला मात्र, की जन्मभर सोबत. औषध एकच. ग्लूटेन बंद. पूर्ण बंद.

आता तुम्ही म्हणाल, ग्लूटेन दिसतं तरी कसं? चला, बघूच या.

करून पाहा

आई पोळ्या करत असेल तेव्हा कणकेचा लिंबाएवढा गोळा मागून घ्या. अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. मग वाटीभर पाण्यात तो हलक्या हातानं चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होईल, ते ओता, दुसरं घ्या. चार-पाच वेळा असं केलं की हातात एक चिवट, ताणला तर लांबणारा, रबरासारखा गोळा उरतो. हेच ते ग्लूटेन! पोळी फुगते, ब्रेड जाळीदार होतो, आपल्या नागपूरची लांब पोळी हातावर चादरीसारखी पसरत उपड्या मडक्यावर टाकता येते, ती याच्याच जोरावर.

आता हाच प्रयोग ज्वारीच्या पिठाचा गोळा घेऊन करा. सगळं पीठ पाण्याबरोबर निघून जाईल. हातात शून्य. म्हणून तर भाकरी लाटता येत नाही, गरम पाण्यात पीठ मळून थापावी लागते आणि तुमच्या-माझ्यासारख्यानं थापली की कडेनं चिरते. पुढच्या वेळी भाकरी मोडली की सांगा, "आई, ग्लूटेन नाही ना त्यात!" मार बसला तर मी जबाबदार नाही.

गंमत अशी, की हा दोष गव्हाचा आहे हे जगाला समजायला फार वेळ लागला. लंडनच्या सॅम्युअल गी नावाच्या डॉक्टरांनी १८८८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं. उपाय असेल तर तो खाण्यातच असेल, इथवर ते पोचले होते. त्यांनी एका मुलाची हकिगत लिहिली आहे. हॉलंडहून येणाऱ्या शिंपल्यांचं मांस रोज खायला दिलं, तेव्हा तो छान सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि तो पुन्हा आजारी पडला. शिंपल्यांत काही जादू नव्हती. शिंपल्यांनी पोट भरल्यामुळे पाव खायचा राहत असणार! पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास या डॉक्टरांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं. मुलं बरी व्हायची. केळ्यांचं केवढं कौतुक झालं! पण तिथेही खरी गोष्ट केळी खाण्यात नव्हती, पाव न खाण्यात होती.

कोडं सुटलं ते हॉलंडमध्ये. विलेम डिके हे मुलांचे डॉक्टर द हेग शहरातल्या एका रुग्णालयात होते. पाव बंद केला की काही मुलं सुधारतात, असा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मन फौजांनी अन्नाची वाट अडवली. लोक ट्यूलिप फुलांचे कंद शिजवून खाऊ लागले, हजारो माणसं भुकेनं गेली. अशा दिवसांत आजारी मुलांचे हाल कुत्र्यानं खाऊ नयेत असे व्हायला हवे होते. पण डिकेंच्या वॉर्डातली सिलिॲकची मुलं इतरांसारखी खंगली नाहीत, उलट सुधारली. पाव नव्हताच ना! आणि पाव पुन्हा मिळायला लागला तशी तीच मुलं परत आजारी पडली. युद्ध संपल्यावर डिकेंनी एकेक धान्य देऊन आणि काढून मोजमापं घेतली आणि १९५० साली आपला प्रबंध लिहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या गटानं गव्हातलं ग्लूटेनच अपराधी आहे, हे दाखवून दिलं.

बाईसाहेबांना डिके फार आवडतात. तिनं वहीत त्यांचं चित्र काढलंय. चष्मा तिनं मनानं घातलाय.

तपास वही

तर आता आपल्या कोड्याकडे. सहा महिने गहू बंद, तरी रक्तातला आकडा हवा तसा उतरेना. बाईसाहेबांनी शाळेच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली, वर लिहिलं 'तपास', आणि संशयितांची यादी केली.

पहिला संशयित, गिरणी. घरात ज्वारी होती, तांदूळ होता, बेसन होतं. पण दळून कुठून आणायचे? कोपऱ्यावरच्या गिरणीतून. बाईसाहेब आईबरोबर गिरणीत गेल्या आणि तासभर नुसत्या उभ्या राहिल्या. गव्हाचा डबा झाला की ज्वारीचा डबा, मग पुन्हा गहू. जात्याच्या दगडांत, पीठ पडतं त्या कापडी नळीत आधीच्याचं पीठ राहतंच. हवेतही पीठ. गिरणीवाले काका सज्जन माणूस. ते म्हणाले, "तुमच्यासाठी पहिलं मूठभर पीठ बाजूला काढून टाकत जाईन ना." आईला बरं वाटलं. बाईसाहेबांनी विचारलं, "काका, दुसऱ्या मुठीत नसेल कशावरून?" काकांनी भुवयांवरचं पीठ झटकलं आणि म्हणाले, "हाव, तेही खरंच."

इथे थोडं गणित करू या. आपल्याकडे अन्नाचे नियम ठरवणारी सरकारी संस्था म्हणते, की एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असेल, तर पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहिता येतं. २० मिलिग्रॅम म्हणजे किती? गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा. त्याचा सुमारे दहावा हिस्सा ग्लूटेन, म्हणजे ४ मिलिग्रॅम. २० भागिले ४ बरोबर ५. किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे! सहावा दाणा आला की हद्द ओलांडली. हे आकडे अदमासाचे आहेत, पण त्यानंतर बाईसाहेबांच्या आजीनं सूप आणि चष्मा घेऊन ज्वारी निवडायचं काम स्वतःकडे घेतलं. पोत्यातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे निघतात बरं का. आजी ते एका वाटीत जमवते आणि चिमण्यांना घालते.

पीठ दळायला आधी गावाकडून आजीचं जुनं जातं आणलं. घासून धुतलं, उन्हात वाळवलं. पंधरा दिवस सगळ्यांनी हौसेनं दळलं, सोळाव्या दिवशी हौस संपली. मग हप्त्यावर घरघंटी आली. सगळ्यांना ती परवडत नाही हे मला माहीत आहे. पण अशी दोन-तीन कुटुंबं मिळून एक घरघंटी घेऊ शकतात. थोडंच पीठ लागत असेल तर तांदूळ धुऊन वाळवून मिक्सरमध्येही होतं. तोही मिक्सर गव्हाला न लागलेला हवा.

दुसरा संशयित, स्वयंपाकघरातली भांडी. पोळ्यांचा तवा, पोळपाट, चाळणी. लाकडाच्या फटीत पीठ बसतं, चाळणीच्या जाळीत बसतं. बाईसाहेबांचा तवा आणि चाळणी वेगळी झाली. चाळणीला लाल दोरा बांधला, म्हणजे घाईत चूक नको. तळणीचं तेलही वेगळं. ज्या तेलात आधी पुऱ्या तळल्या त्यात साबुदाणा वडे तळायचे नाहीत.

तिसरा संशयित एका रविवारी सापडला. आई वरणाला फोडणी देत होती. बाईसाहेब ओट्याशी बसून मसाल्याच्या डब्यांवरचे बारीक छापील कागद वाचत होत्या. हळद, ठीक. तिखट, भिवापूरच्या मिरच्या घरीच कुटलेल्या, ठीक. मग हिंगाची डबी. त्यावरचं छापील लेखन मुंगीच्या पायाएवढं. आजोबांचं भिंग आणलं. "गोंद... हिंग... आई गं! आई, गॅस बंद कर!"

हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ होतं.

तुम्हाला खोटं वाटत असेल तर आत्ता उठा आणि घरातली डबी वाचा. खरा हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून निघणारा डीक. तो इतका उग्र असतो, की तसाच वापरणं कठीण. म्हणून त्यात गोंद आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात. पुष्कळदा ते पीठ गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, काही डब्यांत तांदळाचं. हिंगाचं झाड मुळात आपल्याकडचं नव्हे. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इथून माल येतो. भारतात त्याची लागवड पालमपूरच्या संशोधन संस्थेनं ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात सुरू केली. हे विषयांतर झालं, पण मला त्या झाडाचं कौतुक वाटतं.

चिमूटभर हिंगात ग्लूटेन ते किती! पण आपल्याकडे वरणात हिंग, भाजीत हिंग, ताकात हिंग, लोणच्यात हिंग, पापडात हिंग. रोज, दोन्ही वेळा. इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात सिलिॲकच्या काही रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं होतं. तेवढ्यानं आतड्याची मखमल पुन्हा झिजू लागली. एका पोळीत साधारण ३००० मिलिग्रॅम असतं. म्हणजे पोळीचे साठ तुकडे करा, त्यातला एक तुकडा रोज. "एका घासानं काय होतंय बाप्पा?" असं प्रेमानं विचारणाऱ्या काकू-मामींना बाईसाहेब आता हेच गणित सांगतात.

चौथा संशयित, दुधात घालायची चॉकलेटी पावडर. त्यात माल्ट. माल्ट बनतं ते बहुधा बार्लीपासून, आणि बार्ली आपल्या यादीत आहेच. मक्याच्या पोह्यांच्या पाकिटातही माल्ट निघालं. म्हणजे पाकिटावर मक्याचं चित्र आहे म्हणून आत नुसता मका आहे, असं समजायचं नाही!

पाचव्या संशयिताचं, म्हणजे सर्दीच्या औषधाचं, नाव औषधाच्या दुकानदारांनी कंपनीला विचारून यादीतून खोडलं.

सहाव्या ओळीत बाईसाहेबांनी जे लिहिलं होतं ते वाचून तिची आई बराच वेळ काही बोलली नाही. मीही तिथे होते. तिथे लिहिलं होतं, 'संशयित क्रमांक सहा : मी.'

मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं अर्धा समोसा खाल्ला होता. नंतर शाळेच्या सहलीत दोन बिस्किटं. "सगळ्या खात होत्या. मी एकटीच घरचा डबा घेऊन बसले होते. आणि खाऊन मला काही झालंच नाही. पोट नाही दुखलं. मला वाटलं, मी बरी झाले." तिला रागावायचं कुणाला सुचलं नाही. आजी उठून तिच्याजवळ जाऊन बसली एवढंच.

आईबाबांनी हे मुद्दाम वाचावं. पोट दुखलं नाही म्हणजे आत काही झालं नाही, असं या आजारात नसतं. काही मुलांचं पोट कधी दुखतच नाही. फक्त उंची अडते किंवा रक्त कमी राहतं. आणि याच्या उलट चूकही करू नका. मुलाची लक्षणं वाचून परस्पर गहू बंद करू नका. रक्ताची टीटीजी नावाची तपासणी करतात, आणि गरज वाटली तर दुर्बिणीनं आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहतात. गहू आधीच बंद केला तर या तपासण्या फसतात, कारण मखमल भरून यायला लागलेली असते. आधी डॉक्टर, मग तपासणी, मग बंदी. घरात एकाला आजार निघाला तर सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करायला सांगतात. बाईसाहेबांच्या भावाची झाली. तो सुटला. सुटल्याबद्दल त्यानं आधी उड्या मारल्या, मग बहिणीकडे पाहून थांबला.

आपल्याकडे हा आजार किती जणांना असतो? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडं अधिक प्रमाण सापडलं, दक्षिणेत मात्र हजारात एकच. जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखी. फरक होता ताटात. उत्तरेत भरपूर गहू, दक्षिणेत अगदी थोडा. आपलं नागपूर मधोमध. आजीच्या लहानपणी विदर्भात ज्वारीच्या भाकरीचंच राज्य होतं आणि पोळी सणासुदीला व्हायची. आता उलटं झालंय. माझं स्वतःचं मत विचाराल, तर ही भाकरी गेली ते वाईटच झालं, पण ते मत मला चांगली भाकरी करता येते म्हणूनही असेल.

चालतं, नाही चालत

यादी पाहून घाबरलात? बाईसाहेबही घाबरल्या होत्या. मग आजीनं फराळाचा डबा उघडला. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. उपवासाला जे जे चालतं त्यातलं बहुतेक सगळं हिला रोज चालतं! (पिठं मात्र घरी दळलेली.) तेव्हापासून घरात एकादशी आठवड्यातून तीनदा असते. वडाभात चालतो, गोळाभात चालतो, पाटोडीचा रस्सा चालतो. हिंग आणि बेसन शुद्ध हवं. पोहे तांदळाचे, तेव्हा तर्री-पोहेही चालतात. पण ठेल्यावर विचारावं लागतं, की वरची शेव कोणत्या तेलात तळली, चमचा कचोरीच्या रश्शातला तर नाही ना.

फसवे पदार्थ निराळेच. थालीपिठाची भाजणी, तिच्यात गहू असतो. सातूचं पीठ, त्यातही गहू किंवा जव. कुरडया गव्हाच्या. पाणीपुरीची पुरी रव्याची. चिनी पदार्थांतला सोया सॉस, त्यात बहुधा गहू. सांबारवडीचं आवरण कधी बेसनाचं, कधी मैदा घातलेलं, विचारल्याशिवाय कळत नाही. आइस्क्रीम चालेल, कोन नाही. रवा, सूजी, मैदा, दलिया, सेमोलिना ही सगळी एकाच घराण्यातली नावं आहेत, हे बाईसाहेबांना आता मराठीच्या समानार्थी शब्दांसारखं पाठ आहे.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा प्रसंग मात्र अवघड होता. शेजारच्या घरी पूजा, हातावर रव्याचा प्रसाद. नाही म्हणायचं कसं? बाईसाहेबांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "गुरुजी, मला गव्हाचा आजार आहे. मला केळं द्याल?" खोलीत एकदम शांतता. गुरुजींनी नैवेद्यातलं केळं काढलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि हातात दिलं. "हाही प्रसादच." मागून एक आजी पुटपुटल्या, पण त्या दर पूजेला पुटपुटतात.

आणि तान्हा पोळा! नागपूरबाहेरच्या दोस्तांना सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीची मिरवणूक निघते त्याच दिवशी, इथली मुलं आपापले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. बैलाची पूजा होते आणि मुलांना बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ मिळतो. खाऊ म्हणजे करंजी, बिस्किटं, शंकरपाळे. पहिल्या वर्षी बाईसाहेब भरलेली पिशवी घेऊन आल्या, सगळी भावाच्या पुढ्यात ओतली आणि खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी भावानं युक्ती काढली. आदल्या संध्याकाळी तो एकटाच गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन आला. काय सांगितलं, कुणास ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी तिच्या बैलापुढे शेंगदाण्याची चिक्की, घरी फोडलेले नारळ, संत्री आणि एका घरी चक्क राजगिऱ्याचे लाडू आले. त्या घरच्या काकूंनी लाडवांबरोबर गुळाची पाकिटं आणि राजगिऱ्याची पिशवीही दाखवायला काढून ठेवली होती. "वाच बरं, सगळं बरोबर आहे ना?"

मारबतीबरोबर निघणाऱ्या बडग्यांचं पाहून बाईसाहेबांनी गल्लीपुरता कागदाचा एक बडग्या केला होता, पाटीवर लिहिलं होतं 'लपलेला गहू'. आजीनं नुसत्या 'गहू' शब्दावर आधी काट मारायला लावली होती. "गव्हाला नावं ठेवायची नाहीत. शेतकऱ्याचं धान्य आहे. लपवणाऱ्याला ठेव." म्हणून तो 'लपलेला' शब्द.

हिंग बदलला, घरघंटी आली, समोसे थांबले. पुढच्या तपासणीत आकडा घसरला, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. चौकटीवरची सातवीच्या वाढदिवसाची रेघ सहावीच्या रेघेहून चार बोटं वर आहे. भावाला अजून गाठलेलं नाही. त्यावरून रोज भांडण असतं.

बाईसाहेबांचा ताजा तपास सांगून थांबते. मध्यंतरी घरी पाहुणे आले आणि सावजी जेवणाचा बेत ठरला. बाईसाहेबांनी घरून भाकरी आणि आपली पळी बांधून घेतली. तिथे गेल्यावर सरळ आत भटारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"काका, रस्सा कशानं दाट करता?"

काका हसले. "पोरी, सावजी मसाला कोणी सांगते का कोणाले? सांगून टाकलं तर मी धंदा काय करू?"

"मसाला नका सांगू. पीठ सांगा. गहू आहे का, मैदा आहे का, हिंग कोणता, तेवढंच. नाहीतर मला कोरडी भाकरी खावी लागेल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पळीकडे पाहिलं. मग इकडेतिकडे बघून ते वाकले आणि तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. तिनं दोन उलटे प्रश्न विचारले. त्यांनी एक डबा उघडून दाखवला. बाईसाहेब परत येऊन पाटावर बसल्या, भाकरी उलगडली आणि म्हणाल्या, "चालेल. वाढा."

काकांनी काय सांगितलं ते तिनं मला अजूनपर्यंत सांगितलेलं नाही.